कायद्याचे कवच आणि कँटरबरीचे महागुरू : संत थॉमस बेकेट

नाताळाची गाणी अजून कानांत घुमत असतात, गोठ्यासमोरील दिवे विझलेले नसतात आणि त्याच सप्ताहात ख्रिस्तसभा आपल्याला रक्तसाक्षींचे स्मरण करावयास लावते. २६ डिसेंबर हा संत स्तेफन यांचा दिवस, २८ डिसेंबर हा बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा, तर २९ डिसेंबर हा इंग्लंडमधील कँटरबरीचे महागुरू संत थॉमस बेकेट यांचा. आपल्याकडे या संताचे नाव फारसे घेतले जात नाही. परंतु मध्ययुगात युरोपभरातून त्यांच्या कबरीकडे यात्रेकरूंची रीघ लागत असे आणि त्यांच्या हौतात्म्याची कथा आइसलँडपासून सिसिलीपर्यंत सांगितली जात असे.

ही कथा सहसा एका गर्विष्ठ राजाची आणि एका निर्भय धर्माधिकाऱ्याची कथा म्हणून सांगितली जाते. ते खोटे नाही. मात्र राजा आणि महागुरू यांचे नेमके कोणत्या प्रश्नावर बिनसले, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. तो प्रश्न असा होता : ख्रिस्तसभेच्या सेवेत असलेल्या माणसाने चोरी केली, बलात्कार केला वा खून केला, तर त्याचा न्याय कोणी करावयाचा? राजाचे न्यायालय त्याला हात लावू शकते, की धर्मवस्त्र हे त्याचे कवच आहे? आज आम्ही थॉमस यांचे चरित्र या प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहोत. विषय अवघड आहे, प्रसंगी आपल्याला अस्वस्थ करणारा आहे. परंतु संतांची चरित्रे आपल्याला केवळ सुखावण्यासाठी नसतात.

व्यापाऱ्याचा मुलगा

थॉमस यांचा जन्म ११२० च्या सुमारास लंडनमधील चीपसाइड या बाजारपेठेच्या भागात झाला. दिवस २१ डिसेंबरचा होता. त्या काळी तो प्रेषित संत थॉमस यांचा सण असल्याने बाळाचे नाव थॉमस ठेवण्यात आले. वडील गिल्बर्ट आणि आई मटिल्डा हे दोघेही नॉर्मंडीहून आलेल्या कुटुंबांतील. गिल्बर्ट व्यापारात पुढे आले होते आणि काही काळ त्यांनी लंडनचे शेरीफपदही भूषविले होते.

मुलाचे शिक्षण मर्टन येथील मठात, लंडनमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये झाले. मग घरची स्थिती खालावली आणि थॉमस यांना एका नातेवाइकाकडे हिशेबनीस म्हणून काम करावे लागले. ११४५ च्या सुमारास कँटरबरीचे तत्कालीन महागुरू थिओबॉल्ड यांच्या सेवेत त्यांना जागा मिळाली आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. थिओबॉल्ड यांनी या तरुणाची हुशारी हेरली. त्याला कायद्याच्या अभ्यासासाठी इटलीतील बोलोन्या आणि फ्रान्समधील ओसेर येथे पाठविले. बोलोन्या हे त्या काळी धर्मकायद्याच्या अभ्यासाचे सर्वांत मोठे केंद्र होते. ११४० च्या सुमारास ग्रेशियन यांनी तेथे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे मोठे संकलन सिद्ध केले होते. ख्रिस्तसभेला स्वतःचे कायदे आहेत, स्वतःची न्यायालये आहेत आणि तिच्या सेवकांचा न्याय तिनेच करावा, हा विचार तेथे दृढ होत होता. थॉमस यांनी तो तेथे ऐकला असणार. पण तो त्यांच्या अंतःकरणात उतरण्यास अजून बराच अवधी होता.

राजाचा उजवा हात

११५४ साली दुसरा हेन्री इंग्लंडच्या गादीवर आला. त्यावेळी तो एकवीस वर्षांचा होता. त्याच्या आधीची सुमारे एकोणीस वर्षे देश यादवीने पोळला होता. ठिकठिकाणच्या सरदारांनी किल्ले बांधून आपापले राज्य चालविले होते. हेन्रीला एकच ध्यास होता : सर्वांसाठी एक राजा आणि सर्वांसाठी राजाचा न्याय. थिओबॉल्ड यांच्या शिफारशीवरून त्याने ११५५ च्या आरंभी थॉमस यांना चॅन्सलर नेमले. राजाची मुद्रा, पत्रव्यवहार आणि कारभाराचा मोठा भाग यांची जबाबदारी चॅन्सलरवर असे.

राजा आणि चॅन्सलर यांची मैत्री जमली. दोघे एकत्र शिकारीला जात, एकत्र भोजन करीत. थॉमस यांचा थाट डोळे दिपविणारा होता. ११५८ साली ते राजाचे दूत म्हणून पॅरिसला गेले, तेव्हा त्यांच्यासोबतचा लवाजमा पाहण्यास रस्त्यांवर लोकांची गर्दी लोटली. ११५९ साली तुलूजच्या मोहिमेत त्यांनी स्वतःच्या खर्चाने सैन्य नेले. या मोहिमेसाठी ख्रिस्तसभेच्या मालमत्तेवर जबर कर बसविण्यात आला आणि तो वसूल करणाऱ्यांत थॉमस अग्रभागी होते. त्यांचे जुने आश्रयदाते थिओबॉल्ड याने दुखावले गेले. ११६१ साली थिओबॉल्ड आजारी असताना त्यांनी भेटीसाठी निरोप धाडले होते, तरीही थॉमस यांना सवड झाली नाही. संताच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या पुढील परिवर्तनाचे मोल यामुळेच कळते.

थिओबॉल्ड यांच्या मृत्यूनंतर राजाने थॉमस यांनाच महागुरूपदी बसविण्याचे ठरविले. आपलाच माणूस ख्रिस्तसभेच्या शिरोभागी असला की कामे सोपी होतील, हा त्याचा हिशेब होता. थॉमस त्यावेळी धर्मगुरूदेखील नव्हते, केवळ डीकन होते. २ जून ११६२ रोजी त्यांना गुरुदीक्षा देण्यात आली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा महागुरू म्हणून अभिषेक झाला.

राजाचा हिशेब चुकला. थॉमस यांनी लवकरच चॅन्सलरपदाचा राजीनामा दिला. त्यांची राहणी बदलली. ते पहाटे प्रार्थनेस उठू लागले, गोरगरिबांचे पाय धुऊ लागले, पवित्र शास्त्राच्या अभ्यासात वेळ घालवू लागले. उंची वस्त्रांखाली ते अंगाला टोचणारा केसाळ सदरा घालीत, हे त्यांच्या मृत्यूनंतरच सर्वांना कळले. ज्या निष्ठेने त्यांनी राजाची सेवा केली, त्याच निष्ठेने ते आता दुसऱ्या धन्याची सेवा करू लागले.

वादाचे मूळ

त्या काळातील ख्रिस्तसभेचे सेवक म्हणजे केवळ धर्मगुरू आणि मठवासी नव्हेत. डोक्याच्या मध्यभागी गोल मुंडण करून लघुदीक्षा घेतलेले विद्यार्थी, लेखनिक, हिशेबनीस, चर्चचे द्वारपाल असे हजारो लोक त्यांत मोडत. आपण कचेरीत ज्याला क्लार्क म्हणतो तो शब्दही त्या दीक्षित वर्गाच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. यांपैकी अनेकांची पुढे धर्मगुरू होण्याची शक्यता नसे. परंतु गुन्हा घडल्यास हे सर्वजण राजाच्या न्यायालयापासून सुरक्षित होते. त्यांचा न्याय बिशपांच्या न्यायालयात होई. तेथे आरोपी शपथ घेऊन आपण निर्दोष असल्याचे सांगे, ठरावीक संख्येने इतर लोक त्याच्या शपथेला दुजोरा देत आणि बऱ्याचदा तो सुटे. दोष सिद्ध झालाच तर दीक्षा काढून घेणे, प्रायश्चित्त, मठातील बंदिवास अशा शिक्षा असत. रक्त सांडणारी शिक्षा धर्मन्यायालयाला देता येत नसे.

राजाच्या न्यायालयाची तऱ्हा वेगळी होती. तेथे फाशी होती, डोळे काढणे होते, हातपाय तोडणे होते. आरोपीला पाण्यात टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून निवाडा करण्याची रीत तेव्हा प्रचलित होती. धर्मन्यायालयाचे कवच हे या क्रूर व्यवस्थेपासूनही माणसाला वाचवीत होते, हे आपण विसरू नये. मात्र सामान्य शेतकऱ्याला हे कवच नव्हते. एकाच गुन्ह्यासाठी शेतकरी फासावर जाई आणि मुंडण केलेला लेखनिक प्रायश्चित्त घेऊन घरी जाई.

राजाच्या कानावर तक्रारी येत होत्या. त्याच्या राज्यारोहणापासून दीक्षित व्यक्तींच्या हातून शंभराहून अधिक खून झाल्याचे त्याला सांगण्यात आले, अशी नोंद न्यूबर्गचे इतिहासकार विल्यम यांनी केली आहे. ११६३ साली एक प्रकरण विशेष गाजले. बेडफर्ड येथील कॅनन फिलिप द ब्रोई यांच्यावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता. बिशपांच्या न्यायालयात शपथेवर ते सुटले होते. राजाच्या न्यायाधीशाने ते प्रकरण पुन्हा काढले, तेव्हा फिलिप यांनी भर न्यायालयात त्याचा अपमान केला. राजा संतापला. थॉमस यांनी प्रकरण आपल्याकडे घेतले. खुनाचा निवाडा एकदा झाला असल्याने तो पुन्हा होणार नाही असे ठरविले आणि न्यायाधीशाच्या अपमानाबद्दल मात्र फिलिप यांना शिक्षा दिली. राजाला ती हास्यास्पद वाटली. वुस्टर परगण्यातील एका दीक्षित व्यक्तीने एका मुलीला भ्रष्ट करून तिच्या बापाचा खून केला होता. त्यालाही थॉमस यांनी राजाच्या हाती न देता बिशपांच्या तुरुंगात ठेवले.

थॉमस यांना गुन्हेगारांविषयी ममत्व होते असे म्हणता येणार नाही. लंडनमधील चर्चमधून चांदीचा कटोरा चोरणाऱ्या एका दीक्षित व्यक्तीला त्यांनी डागण्याची कठोर शिक्षा दिल्याची नोंद आढळते. त्यांचे म्हणणे तत्त्वाचे होते. राजाला आज एका चोरावर हात टाकू दिला, तर उद्या तो आपल्याला नकोशा असलेल्या बिशपावर हात टाकील, ही त्यांची भीती होती. त्या काळातील राजे बिशपांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून त्यांचे उत्पन्न स्वतःच्या तिजोरीत भरीत. ही भीती अनाठायी नव्हती.

क्लॅरेंडन आणि नॉर्थहॅम्प्टन

जानेवारी ११६४ मध्ये सॉल्झबरीजवळील क्लॅरेंडनच्या राजवाड्यात सभा भरली. राजाने राज्याचे जुने रीतिरिवाज म्हणून सोळा कलमे लेखी स्वरूपात पुढे ठेवली. तिसरे कलम दीक्षित गुन्हेगारांविषयी होते. आरोपीने प्रथम राजाच्या न्यायालयात हजर व्हावे, नंतर त्याला धर्मन्यायालयाकडे पाठवावे, तेथील कामकाजावर राजाच्या अधिकाऱ्याने लक्ष ठेवावे आणि दोष सिद्ध झाल्यास ख्रिस्तसभेने त्याला पुढे संरक्षण देऊ नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे दीक्षा काढून घेतल्यावर राजाने त्याला सामान्य माणसाप्रमाणे शिक्षा करावयाची.

थॉमस यांचा आक्षेप असा की, दीक्षा काढून घेणे हीच एक मोठी शिक्षा आहे आणि एकाच अपराधासाठी माणसाला दोनदा शिक्षा करणे ईश्वराच्या न्यायाला धरून नाही. पवित्र शास्त्रातील नहूम संदेष्ट्याच्या एका वचनाचा अर्थ लावून त्यांनी हे मांडले. या युक्तिवादाचे पुढील आयुष्य मोठे विलक्षण आहे. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला वा दोनदा शिक्षा नको, हे तत्त्व आज जगातील अनेक राज्यघटनांत आहे. भारतीय राज्यघटनेच्या कलम २० मध्येही ते आहे. या तत्त्वाची मुळे अनेक असली, तरी कायद्याचे अभ्यासक त्यांपैकी एक मूळ बेकेट यांच्या वादात शोधतात.

दबावापुढे थॉमस क्लॅरेंडनमध्ये प्रथम नमले. त्यांनी तोंडी संमती दिली. पण लगेच त्यांना पश्चात्ताप झाला आणि पोप महोदयांकडून क्षमा मिळेपर्यंत त्यांनी मिस्साबलिदान अर्पण करणे थांबविले. ऑक्टोबर ११६४ मध्ये नॉर्थहॅम्प्टन येथे राजाने त्यांनाच आरोपीच्या जागी उभे केले. चॅन्सलर असताना हातांतून गेलेल्या पैशांचा हिशेब मागण्यात आला. अभिषेकाच्या वेळीच आपल्याला सर्व ऐहिक देण्यांतून मुक्त करण्यात आले होते, असे थॉमस यांनी सांगितले आणि राजाच्या न्यायालयाचा निवाडा ऐकण्यास नकार दिला. हातात क्रूस घेऊन ते सभेतून बाहेर पडले. त्याच रात्री वेषांतर करून निघाले आणि काही आठवड्यांनी समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये पोहोचले.

या प्रसंगी राजा न्यायासाठी नव्हे तर सूडासाठी कायदा वापरीत होता, हे स्पष्ट दिसते. ज्या भीतीने थॉमस ते कवच जपत होते, ती भीती त्यांच्याच बाबतीत खरी ठरली.

सहा वर्षांचे निर्वासित जीवन

पोप तिसरे अलेक्झांडर तेव्हा स्वतःच रोमबाहेर, फ्रान्समधील सांस येथे आश्रयाला होते. सम्राट फ्रेडरिक याने त्यांच्या विरोधात दुसरा पोप उभा केला होता. थॉमस यांना त्यांनी आधार दिला, पण हेन्रीला पूर्णपणे दुखावणे त्यांना परवडणारे नव्हते. थॉमस प्रथम पाँतिन्यी येथील सिस्टर्शियन मठात राहिले. हेन्रीने इंग्लंडमधील सिस्टर्शियन मठांवर कारवाईची धमकी दिल्यावर ११६६ साली त्यांनी ते ठिकाण सोडले आणि ते सांस येथील संत कोलंबा यांच्या मठात गेले. इकडे राजाने त्यांचे नातेवाईक, नोकरचाकर, बायकामुले यांना देशाबाहेर घालविले. कसलाही गुन्हा नसलेल्या या माणसांना कोणत्याही कायद्याचे कवच नव्हते.

जून ११७० मध्ये हेन्रीने आपल्या थोरल्या मुलाला यॉर्कचे महागुरू रॉजर यांच्याकडून राज्याभिषेक करविला. हा मान परंपरेने कँटरबरीचा होता. प्रकरण चिघळू नये म्हणून २२ जुलै रोजी फ्रेतव्हाल येथे राजा व थॉमस यांच्यात समेट झाला. क्लॅरेंडनच्या कलमांचा उल्लेख त्यात कोणीच केला नाही. जखम बुजली नव्हती, केवळ झाकली गेली होती. १ डिसेंबर ११७० रोजी थॉमस इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. वाटेत गोरगरीब त्यांच्या स्वागताला रस्त्यावर आले होते.

२९ डिसेंबर ११७०

परतण्यापूर्वीच थॉमस यांनी त्या राज्याभिषेकात सहभागी झालेल्या बिशपांविरुद्ध कारवाईची पत्रे धाडली होती. ते बिशप नॉर्मंडीत राजाकडे गेले. राजा संतापाने बेभान झाला आणि आपल्या अन्नावर वाढलेल्या माणसांपैकी कोणीच या धर्मगुरूचा बंदोबस्त करीत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडून बाहेर पडले. चार सरदारांनी ते ऐकले : रेजिनाल्ड फिट्झअर्स, ह्यू द मॉरव्हिल, विल्यम द ट्रेसी आणि रिचर्ड ल ब्रेटन. ते गुपचूप निघाले आणि समुद्र ओलांडून कँटरबरीत आले.

मंगळवारची संध्याकाळ होती. महामंदिरात सायंप्रार्थना सुरू झाली होती. मठवासी दारे लावून घेत होते. प्रभूच्या घराचा किल्ला करू नये असे म्हणून थॉमस यांनी ती उघडी ठेवावयास लावली. सरदार शस्त्रांनिशी आत आले. त्यांनी महागुरूंना बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. थॉमस खांबाला धरून उभे राहिले. एडवर्ड ग्रिम नावाचा पाहुणा आलेला धर्मसेवक मध्ये पडला, तेव्हा त्याच्या दंडावर तलवारीचा घाव बसला. पुढच्या घावांनी थॉमस कोसळले. प्रभू येशूच्या नावासाठी आणि ख्रिस्तसभेच्या रक्षणासाठी आपण मरण पत्करीत आहोत, हे त्यांनी अखेरच्या क्षणी सांगितल्याचे साक्षीदारांनी लिहून ठेवले आहे.

२१ फेब्रुवारी ११७३ रोजी, म्हणजे हौतात्म्यानंतर अवघ्या सव्वादोन वर्षांत, पोप अलेक्झांडर यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. १२ जुलै ११७४ रोजी राजा हेन्री अनवाणी पायांनी कँटरबरीत आला, कबरीपुढे लोटांगण घालून त्याने बिशप व मठवासी यांच्या हातून पाठीवर फटके घेतले आणि रात्रभर उपाशीपोटी तेथे बसून राहिला. राजालाही कायद्याने हात लावता येत नव्हता. त्याच्यावर खटला भरील असे न्यायालय इंग्लंडमध्ये नव्हते. त्याला वाकविले ते त्याच्या सदसद्विवेकबुद्धीने आणि लोकांच्या मताने.

मारेकऱ्यांना मिळालेले कवच

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे चरित्र सांगावयास घेतले, तिच्याकडे वळतो. त्या चार मारेकऱ्यांचे काय झाले?

त्यांना फाशी झाली नाही. राजाच्या न्यायालयात त्यांच्यावर खटलादेखील चालला नाही. ते इंग्लंडच्या उत्तरेस नेअर्सबरोच्या किल्ल्यात काही काळ राहिले. पोप महोदयांनी त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले आणि अखेरीस चौदा वर्षे पवित्र भूमीत सेवा करण्याचे प्रायश्चित्त दिले. त्या काळातील धर्मकायद्याच्या भूमिकेनुसार, दीक्षित व्यक्तीने केलेला गुन्हा जसा धर्मन्यायालयाच्या कक्षेत येई, तसाच दीक्षित व्यक्तीवर झालेला हल्लाही येई. आणि धर्मन्यायालय मृत्युदंड देऊ शकत नव्हते. ज्या कवचासाठी थॉमस यांनी प्राण दिला, त्याच कवचाने त्यांच्या मारेकऱ्यांना वाचविले.

ही विसंगती सर्वप्रथम ख्रिस्तसभेतीलच एका माणसाला खुपली. थॉमस यांच्यानंतर कँटरबरीच्या आसनावर बसलेले महागुरू रिचर्ड यांनी आपल्या सहकारी बिशपांना कळकळीने लिहिले की, एखादा सामान्य प्रापंचिक मारला गेला तर खुन्याला देहदंड होतो आणि धर्मगुरूला मारणारा मात्र बहिष्कारावर सुटतो. अशा स्थितीत धर्मगुरूंचा जीव स्वस्त होतो. ख्रिस्तसभेने हा अधिकार हट्टाने स्वतःकडे ठेवू नये, असे त्यांचे मत होते. ११७६ साली पोप महोदयांच्या प्रतिनिधीशी झालेल्या करारात राजाने दीक्षित आरोपींवरील दावा, राजाच्या जंगलांतील गुन्हे आणि जमिनीच्या काही बाबी वगळता, सोडून दिला. त्याच वेळी धर्मसेवकांच्या खुन्यांना राजाच्या न्यायालयात, बिशपांच्या उपस्थितीत शिक्षा व्हावी हेही मान्य झाले. एका बाजूने कवच टिकले, दुसऱ्या बाजूने त्याला पहिले भोक पडले. आणि ते ख्रिस्तसभेच्या संमतीने पडले.

कवचाचे पुढे काय झाले?

थॉमस यांच्या रक्ताने मिळालेली ही सवलत इंग्लंडच्या कायद्यात पुढे साडेसहाशे वर्षे राहिली. पण तिचे रूप पालटत गेले. दीक्षित कोण हे ठरविण्यासाठी न्यायालये आरोपीला वाचून दाखवावयास सांगू लागली, कारण त्या काळी वाचता येणारा तो दीक्षित असे समीकरण होते. हळूहळू वाचता येणारा कोणताही पुरुष ही सवलत मागू लागला. वाचण्यासाठी बहुधा एक्कावन्नाव्या स्तोत्रातील एक ओवी दिली जाई. निरक्षर गुन्हेगार ती पाठ करून येत आणि फाशीपासून वाचत. १४८९ साली कायदा झाला की, प्रत्यक्ष दीक्षा न घेतलेल्याला ही सवलत एकदाच मिळावी आणि दुसऱ्यांदा ओळखता यावे म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग द्यावा. १५९८ साली नाटककार बेन जॉन्सन यांनी द्वंद्वात एका नटाला ठार मारले आणि याच सवलतीने ते फाशीतून सुटले. अखेर १८२७ साली इंग्लंडच्या संसदेने ही सवलत रद्द केली. संत थॉमस यांची समाधी त्यापूर्वीच, १५३८ साली, आठव्या हेन्रीच्या आज्ञेने उद्ध्वस्त करण्यात आली होती. एका राजापुढे मान न झुकविणाऱ्या संताचे स्मारक दुसऱ्या राजाला सोसवले नाही.

पाहा, एका तत्त्वाचा प्रवास कसा झाला. राजाच्या लहरीपासून धर्मसेवकांचे रक्षण करण्यासाठी जे उभारले, ते अखेरीस पाठांतर करणाऱ्या चोराच्या उपयोगाला आले. कवच ज्या कर्तव्यासाठी दिलेले असते, त्या कर्तव्यापासून ते सुटले की असे होते.

आपल्यासाठी

कायदा आजही काही व्यक्तींना आणि संस्थांना कवच देतो. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३६१ नुसार राष्ट्रपती व राज्यपाल यांच्यावर त्यांच्या कार्यकाळात फौजदारी खटला चालविता येत नाही. संसदेत केलेल्या भाषणाबद्दल खासदारावर न्यायालयात दावा लावता येत नाही. पद निर्भयपणे चालविता यावे, हा अशा संरक्षणाचा हेतू असतो. ते पदाला आणि कर्तव्याला दिलेले असते, माणसाच्या पापाला नव्हे. धर्मगुरू, व्रतस्थ भगिनी वा बिशप यांना मात्र आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात असे कोणतेही वेगळे कवच नाही आणि नसावे, असेच आम्हांस वाटते.

हे सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या पिढीने ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक दुःखद पर्व पाहिले आहे. अनेक देशांत लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना कायद्याने नव्हे, तर मौनाने कवच दिले. २००९ साली आयर्लंडमध्ये डब्लिन धर्मप्रांताविषयी प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने दाखवून दिले की, मुलांच्या सुरक्षेपेक्षा संस्थेच्या नावलौकिकाला अधिक जपले गेले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशा प्रकरणांवरील गुप्ततेचे बंधन उठविले आणि तक्रार कळविणे हे धर्मगुरू व व्रतस्थांचे कर्तव्य ठरविले. आपल्या देशात २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, असा गुन्हा घडल्याचे कळल्यास तो पोलिसांना कळविणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. त्यात धर्मग्रामाचे कार्यालय, शाळा, वसतिगृह कोणीही अपवाद नाही.

अशा वेळी कोणी संत थॉमस यांचे नाव घेऊन ख्रिस्तसभेचे प्रश्न ख्रिस्तसभेतच मिटवावेत असे म्हणू लागला, तर त्याला आपण काय सांगावे? आम्हांस असे वाटते की, थॉमस यांनी ते कवच स्वतःच्या दोषावर पांघरूण घालण्यासाठी वापरले नाही. ज्या संध्याकाळी दारे लावून स्वतःचा जीव वाचविता आला असता, त्या संध्याकाळी त्यांनी दारे उघडी ठेवली. बलवान राजापुढे ख्रिस्तसभेचे स्वातंत्र्य त्यांनी जपले, ते दुर्बलांच्या विरोधात वापरता यावे म्हणून नव्हे. वुस्टर परगण्यातील त्या मुलीचे नाव इतिहासाने नोंदविलेले नाही. राजा आणि महागुरू यांच्या थोर वादात तिच्या बापाला न्याय मिळाला का, हे विचारावयाचे दोघांच्याही चरित्रकारांना सुचले नाही. आज मात्र आपण तिच्यापासून सुरुवात करावी.

संत थॉमस आपल्याला दोन गोष्टींसाठी बळ देवोत : सत्ताधीश अन्याय करू लागला तर त्याच्यापुढे न वाकण्यासाठी, आणि अपराध आपल्याच घरात घडला तर दार उघडून न्यायाला आत घेण्यासाठी. २९ डिसेंबरला मिस्साबलिदानात सहभागी होताना ही प्रार्थना आपण सर्वांनी करावी, एवढीच आमची विनंती.